कशानं गेला?

आमच्याकडं एखाद्या घरी माणूस गेला, की दारात टेकणारा प्रत्येक जण पहिला एकच प्रश्न विचारतो. कशानं गेला? म्हातारा नव्वदीचा असला तरी विचारतात. ताप होता का, पाणी कधी सोडलं, रात्री जेवला होता का, डॉक्टर काय बोलला. बैल गेला तरी विचारतात. पान लागलं का, पोट फुगलं का, कोवळा चारा जास्त झाला का. विहिरीवरची मोटर जळाली, तर वाइंडिंगवाला ती खोलायच्या आधी विचारतो, पाणी तुटलं होतं का, एक फेज गेला होता का, कोरडी किती वेळ फिरली. त्याला ठाऊक असतं, की कारण न शोधता तार भरून दिली तर ही मोटर महिन्याभरात परत त्याच्याच दारात येणार, आणि सोबत माझ्या शिव्या येणार.

पण माझ्या जीपचा टर्बो गेला तेव्हा हा प्रश्न कोणीच विचारला नाही. काचेच्या दाराचं, गार हवेचं ते सर्व्हिस सेंटर. आत शिरताना चपला काढाव्यात का, असं मला वाटून गेलं होतं. टाय लावलेला एक पोरगा आला, बोनेट उघडून दोन मिनिटं वाकला आणि म्हणाला, "टर्बो गेलाय काका. बदलावा लागेल."

मी विचारलं, "कशानं?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, की जसं काही मी त्याच्या घरातली खासगी गोष्ट विचारली. मग म्हणाला, "वेअर अँड टिअर." मी सन १९७६ ला दहावी झालेला माणूस. इंग्रजीत पस्तीस मार्क होते, पण या दोन शब्दांचा अर्थ मला कळतो. झिजला आणि फाटला. म्हणजे गेला तो गेला. हे काही कारण नव्हे. नव्वदीचा म्हातारा गेल्यावर सुद्धा आम्ही एवढ्यावर गप्प बसत नाही.

बिल झालं ४१,६०० रुपये. साल २०१९, महिना मार्च. त्या वर्षी घरच्या भाताचे पैसे जेमतेम तेवढेच आले होते.

इथं शहरातल्या वाचकाला थोडं सांगावं लागेल, की म्हाताऱ्या शेतकऱ्याला चारी चाकांना जोर लावणारी डिझेल जीप लागते कशाला. तुमच्याकडं ही गाडी हौसेची असते. आमच्या डांगाणात, म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, जूनच्या शेवटी पाऊस लागला की तीन महिने आभाळ दिसत नाही. माझं घर आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये दीड किलोमीटर लाल माती आणि एक ओढा. पूर्वी डांगी बैलांची गाडी होती. डांगी बैल चिखलातून आणि पावसातून असा चालतो, की दुसऱ्या जातीच्या बैलाला ते जमायचं नाही. पण बैल कमी झाले, सांभाळणारे त्याहून कमी झाले. २०१३ मध्ये मी जुनी जीप घेतली. अडीच लिटरचं इंजिन, टर्बोवालं, आणि गिअरच्या शेजारी तो दुसरा आखूड दांडा, जो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात. दूध, खताच्या गोण्या, आवणीच्या बायका, आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातून. ती बंद पडली तर आमच्या वस्तीवरच्या अकरा घरांचा पाय मोडतो.

आता हा टर्बो म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो, कारण ज्याला ते माहीत नाही त्याला पुढचा माझा राग कळणार नाही. लोहाराचा भाता बघितलाय ना? भाता हलवला की कोळसा लालबुंद होतो, कारण जास्त वारा मिळाला. इंजिनाचंही तसंच. जास्त वारा कोंबला तर जास्त डिझेल नीट जळतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. फक्त इथं भाता हलवायला वेगळा माणूस नाही. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्यालाच वाटेत एक पंखा लावलाय. धूर तो पंखा फिरवतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा आहे, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतो. वाया जाणाऱ्या धुराकडूनच भाता हलवून घ्यायचा. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्युखी नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं असं माझ्या पुतण्यानं वाचून दाखवलं. त्या माणसाला माझा नमस्कार. असली अक्कल फुकट मिळत नाही.

पण त्याची नाडी कुठं आहे, ते ऐका. ती दांडी माझ्या करंगळीहून बारीक, आणि मिनिटाला लाखभर फेरे घेते. जास्तच, कमी नाही. त्या वेगात लोखंड लोखंडाला टेकलं तर डोळ्याची पापणी लवायच्या आत दोन्ही जळतील. म्हणून ती दांडी बुशात फिरते खरी, पण बुशाला टेकत नाही. मध्ये तेलाचा पातळसा पापुद्रा असतो, त्याच्यावर तरंगते. इंजिनाचंच तेल एका बारीक नळीतून टर्बोत येतं आणि जाड नळीतून खाली परत जातं. ती बारीक नळी म्हणजे टर्बोची अन्ननळी. ती तुंबली, की टर्बो मेला. दुखणं एवढं साधं आहे. आणि इतक्या साध्या दुखण्याकडं बघायला त्या काचेच्या दारामागं कोणाला सवड नव्हती.

आता मी स्वतःला सोडून बोललो तर पाप लागेल. पहिला टर्बो मीच मारला. तेल दहा हजार किलोमीटरला बदलायचं, मी सतरा हजारांपर्यंत ताणलं. त्यातही दुकानातलं सुटं तेल, लिटरमागं शंभर रुपये स्वस्त. "डिझेल इंजिनाला काय होतंय," असं मी स्वतः चार लोकांत बोललेलो आहे. हवेचा फिल्टर तीन वेळा कॉम्प्रेसरनं फुंकून तोच बसवला. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटली होती, तिथं सुतळी बांधली. उन्हाळ्यात आमच्या रस्त्याला पिठासारखी धूळ असते. ती सुतळीच्या फटीतून आत जात होती आणि त्या लाख फेरे घेणाऱ्या पंख्याच्या पात्यांना कानशीसारखी घासत होती.

आणि सगळ्यांत मोठा गुन्हा. खिंडीचा चढ दुसऱ्या गिअरवर रेटून चढायचा, वर चहाच्या टपरीपाशी थांबायचं आणि लगेच चावी फिरवून गाडी बंद. सहा वर्षं हेच केलं. चढ चढून आलेल्या टर्बोचं धुराकडचं अंग रात्री बघितलं तर निखाऱ्यासारखं लाल दिसतं. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप बंद. मग नळीत आणि बुशात जे तेल अडकून राहिलं, ते त्या निखाऱ्यावर करपतं. कढईत तेल करपून चिकट काळं होतं ना, तसं. रोज थोडं थोडं. ते करपलेलं वाळतं, त्याची खपली होते आणि नळीचं भोक बारीक होत जातं. चढ चढून आल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं असतं, तर तेल फिरत राहून टर्बो निवला असता. दोन मिनिटं. तंबाखू मळायला याहून जास्त वेळ लागतो.

(काजवे बघायला मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडं गाड्या येतात, त्यांचंही मी हेच बघतो. वीस लाखांची जीप घाट चढून येते, शिट्टी मारत येते, आणि माणूस उतरायच्या आधी इंजिन बंद. मी दोघा-तिघांना सांगून बघितलं. एकानं मला पार्किंगवाला समजून दहा रुपये दिले.)

तर पहिला टर्बो माझ्या कर्मानं गेला. लक्षणंही रीतसर दिली होती. आधी शिट्टीसारखा आवाज, मग पिकअप कमी, मग निळसर धूर, मग तेल बघायच्या पट्टीवर दर आठवड्याला तेल खाली. मी मान्य करतो. पण वैद्यानं रोग्याला नुसतं औषध देऊन चालत नाही, पथ्यही सांगावं लागतं. आणि रोग अंगात ठेवून नवा अवयव बसवणाऱ्याला वैद्य म्हणत नाहीत. सर्व्हिस सेंटरनं काय केलं? जुना टर्बो काढला, खोक्यातून नवा काढला, जुन्याच नळीला जोडला, बिल फाडलं. तेलाच्या नळीची किंमत दीड हजाराच्या आत होती. ती बदलली नाही, साफ केली नाही, फुंकूनसुद्धा बघितली नाही. पुढं इंटरकूलर असतो, म्हणजे दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी. जुन्या टर्बोच्या फुटलेल्या सीलमधून गळून तिथं तेल साचलेलं होतं. तेही काढलं नाही. जुना टर्बो मला द्या म्हणालो, तर "तो कंपनीला परत जातो काका" म्हणाले. गेलेल्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

नवा टर्बो चार महिने चालला.

जुलैचा महिना. रात्री साडेतीनला शेजारचा दारात आला, सुनेला कळा लागल्या. दिवस अजून भरले नव्हते. १०८ ला फोन लावला, गाडी निघाली पण म्हणाली डांबरी रस्त्यापर्यंत या, कारण ओढ्याला मांडीएवढं पाणी. तिथून कुठली ॲम्ब्युलन्स येणार? थोरल्यानं जीप काढली. मी पुढं बसलो, मागं ती पोर, तिची सासू, आणि माझी मंडळी. ओढा पार झाला. आखूड दांडा ओढून चिखल पार झाला. मी मनात म्हणालो, आता डांबरी लागली, सुटलो. खिंडीचा चढ सुरू झाला आणि अर्ध्यावर इंजिनाचा आवाज बदलला.

थोरल्यानं पाय काढला तरी इंजिन वाढतच चाललं. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मागं पांढऱ्या-निळ्या धुराची भिंत. त्यानं चावी फिरवून काढून हातात घेतली. इंजिन चालूच. चावी माझ्या पोराच्या हातात आणि इंजिन बोंबलतंय, हे चित्र अजून मला झोपेत दिसतं. मागं ती पोर ओरडत होती, सासू देवाचं नाव घेत होती.

हे कशानं होतं ते नंतर कळलं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेत जळण्यासारखं जे येईल ते जळतं. साचलेलं तेल चढाच्या जोरानं इंजिनात ओढलं गेलं, शिवाय नव्या टर्बोचंही सील सुटलं होतं. इंजिन स्वतःच्याच अंगातलं तेल पिऊन पळायला लागलं. डिझेल बंद केलं तरी त्याला काय फरक? तेल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत ते थांबत नाही.

थोरल्याला देवानं बुद्धी दिली. ब्रेक दाबून धरला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला, क्लच करपल्याचा वास आला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. मग एकदम पावसाचा आवाज आला. तोपर्यंत पाऊस पडतोय हेच विसरलो होतो.

बरोबर त्या वेळी दुधाचा टेम्पो आला. कॅन खाली काढले, घोंगडी अंथरली, पोरीला निजवलं आणि टेम्पो गेला. वर ॲम्ब्युलन्स भेटली. मी आणि थोरला पहाटेपर्यंत कॅनजवळ बसून राहिलो. सकाळी आठला फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. आता ती मुलगी शाळेत जाते. पण टेम्पो दहा मिनिटं उशिरा आला असता तर? हा प्रश्न मी त्या टायवाल्या पोराला विचारला नाही. त्याला कळला नसता.

सर्व्हिस सेंटरला विचारलं ते एवढंच, की बाबा, चार महिन्यांत तुमचा नवा टर्बो कसा गेला? उत्तर आलं, "वॉरंटीत बसत नाही. तेलाची पातळी कमी आढळली." अहो, तेल इंजिन पिऊन बसलं, म्हणून कमी! गळक्या हंड्यात पाणी कमी दिसतंय म्हणून हंडेवाला हात वर करतो, तशी ही गत. पुढं म्हणाले, परत बदलावा लागेल, आणि आता भाव वाढलाय. आतला गाभा वेगळा मिळेल का, विचारलं. "आम्ही पूर्ण असेंब्लीच देतो."

मी गाडी टेम्पोला दोर बांधून संगमनेरला एका मिस्त्रीकडं नेली. पत्र्याचं शेड, पुढं बाभळीचं झाड, झाडाला टांगलेले जुने टायर. मिस्त्री माझ्याच वयाचा. बोनेट उघडायच्या आधी त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाबा, पहिल्यापासून सांगा. कशानं गेला?"

मला त्या क्षणी त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. खोटं नाही बोलत.

मी सगळं सांगितलं. सुतळीसकट. त्यानं मान हलवली, शिव्या घातल्या नाहीत. आधी सगळे रबरी होज हातानं चाचपले. म्हणाला, "पिकअप गेला की लोक टर्बोवर आळ घेतात. निम्म्या वेळा होज फाटलेला असतो नाहीतर क्लिप सैल असते. शंभर-दोनशेच्या रबरापायी चांगला टर्बो भंगारात जातो." मग टर्बोचं तोंड उघडून पंख्याचा मधला नट दोन बोटांनी धरून हलवला. मलाही हलवायला लावला. आडवं जरासं हललं तर चालतं, तेवढी जागा तेलासाठी ठेवलेलीच असते. पण पुढं-मागं हलता कामा नये आणि पाती घराला घासता कामा नयेत. इथं दोन्ही होत होतं. पात्यांच्या टोकाला ताजा चकचकीत घासा दिसत होता.

नंतर त्यानं ती बारीक नळी सोडवली आणि एका टोकाला तोंड लावून फुंकली. गाल फुगले, हवा जाईना. नळीचा बोल्ट, ज्यातून तेल आत शिरतं, त्याची भोकं काळ्या खपलीनं बुजलेली. सुई घातली तर करकर आवाज. "ह्याच्यातनं तुमचा नवा टर्बो पाणी पीत होता बाबा," तो म्हणाला. "चार महिने जगला तेच नवल." इंटरकूलर उलटा केला तर तांब्याभर तेल निघालं. मी ते मुद्दाम बाटलीत भरून घेतलं.

आता दुरुस्ती. शहाणा माणूस दुरुस्तीचाही हट्ट धरत नाही, हे मी तिथं शिकलो. मिस्त्री म्हणाला, पंखा तुटून तुकडे आत गेले असते किंवा बाहेरचं घर तडकलं असतं, तर पूर्ण नवा घ्या म्हणून मीच सांगितलं असतं. इथं दोन्ही घरं साबूत आहेत, फक्त मधला गाभा गेलाय. त्याला ते कोर म्हणतात. नाशिकच्या एका दुकानातून, मशीनवर बॅलन्स केलेला, कागदासकट आणला. बॅलन्स ही चैन नाही. लाख फेऱ्यांना केसाएवढं वजन इकडचं तिकडं झालं तर बुश राहत नाही. नळी नवी, बोल्ट नवा, तेल आणि दोन्ही फिल्टर नवे, तेलाची खालची टाकी उतरवून गाळ काढला, इंटरकूलर धुऊन वाळवला. जोडणीच्या वेळी टर्बोच्या भोकात आधी हातानं तेल ओतलं. मग परतीची जाड नळी मोकळी ठेवून, गाडी चालू न करता नुसतं सेल्फ मारून इंजिन फिरवलं, आणि त्या नळीतून तेलाची धार बाटलीत पडलेली मला दाखवली. "ही धार दिसल्याशिवाय मी गाडी चालू करत नाही." सगळं मिळून १८,९०० रुपये. त्यात क्लच नव्हता, तो वेगळा.

ती जीप आजही त्याच टर्बोवर चालते.

आता मला भांडायचंय ते दोघांशी. पहिले ते काचेच्या दारवाले. त्यांचा पोरगा वाईट नव्हता. त्याला कारण शोधायचा पगार मिळत नाही, खोकं विकायचा मिळतो. वाहनाचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच दारामागं कोंडून ठेवायची, हा काही एका दुकानाचा दोष नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना याच गोष्टीसाठी अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजला सुटे भाग मिळू देत नाहीत, माहिती देत नाहीत, म्हणून. पुढं अपिलं झाली, कोर्टं झाली. मग जुलै २०२२ ला केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्यात वाहनांबरोबर शेतीची अवजारंही घेतली. डिसेंबरात पोर्टलही निघालं. चांगलं झालं. पण हक्क कागदावर असून माझ्या नळीतली खपली निघत नाही. मला हवंय ते फार थोडं आहे. बिलावर मराठीत एक ओळ, की हा भाग कशानं गेला. गेलेला भाग माझ्या हातात. आणि गाभा गेला असेल तर गाभाच विकत मिळावा, पूर्ण मडकं नव्हे.

कोणी म्हणेल, अहो, त्यांना एवढा वेळ कुठला? कारण शोधायला बसले तर मजुरी वाढेल. वाढू दे की. मी दोन हजार जास्त दिले असते. एकदा ४१,६०० घालवलेल्या माणसाला दोन हजारांची भीती दाखवू नका.

दुसरं भांडण आपल्या लोकांशी, आणि ते जास्त कडू आहे. "चालतंय की" या दोन शब्दांनी आपण जेवढी यंत्रं मारली, तेवढी कोणत्या कंपनीनं मारली नसतील. टर्बो गेला म्हटल्यावर वस्तीवरच्या तिघांनी मला सल्ला दिला, की काढून टाक तो टर्बो आणि सरळ पाईप जोड, टर्बोशिवायही गाडी चालतेच. चालते. पण डिझेलचा पंप टर्बोच्या वाऱ्याच्या हिशोबानं बांधलेला असतो. वारा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणजे ओली लाकडं घातलेली चूल. काळा धूर ओकत चढाला रांगणारी गाडी, जास्त डिझेल, आणि मागं शाळेची पोरं तो धूर पीत चालणार. शिवाय सरकारी नियमातही ते बसत नाही. दुसऱ्यानं सुचवलं, बिनबॅलन्सचा कोर निम्म्या किमतीत मिळतो. तिसरा म्हणाला, तेल घट्ट टाक, गळती थांबेल. बारीक नळीतून आधीच तेल जाईना, त्यात घट्ट तेल! हाही एक जातीचा आंधळेपणाच. तिकडं कारण न विचारता बदलतात, इकडं कारण न विचारता बांधतात. माझी सुतळी याच खात्यातली.

शेतकऱ्याला हे सांगायची वेळ यावी, याचंच मला वाईट वाटतं. भात पिवळा पडला तर आपण रोप उपटून मुळं बघतो. पाणी साचलंय की खोडकिडा लागलाय की खत कमी पडलंय, ते बघतो आणि मग काय करायचं ते ठरवतो. तोच माणूस बोनेट उघडलं की हात जोडून उभा राहतो, नाहीतर हातोडा घेऊन.

मध्यंतरी मी ती तुंबलेली नळी आणि तेलाची बाटली पिशवीत घालून त्या सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. टायवाला पोरगा तिथं नव्हता, दुसरा होता, टाय तसाच. मी नळी टेबलावर ठेवली. म्हणालो, फुंकून बघा. तो म्हणाला, "सर, अपॉइंटमेंट आहे का?" शेजारी गाडी धुणारा एक पोरगा उभा होता, अंगावर निळा डगला, हात ओले. त्यानं नळी उचलली, पुसली आणि फुंकली. मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बाबा, ही कशानं बुजली?"

त्याला मी पाऊण तास सांगत बसलो. खिंड, चहाची टपरी, दोन मिनिटं, सगळं. टायवाल्यानं त्याला दोनदा हाक मारली.

नळी आता माझ्या पडवीत विळ्याशेजारी खिळ्याला टांगलेली आहे.